रबर फॅक्टरीतली शांतता

आमच्या लॅबमधले सर्वांत जुने तंत्रज्ञ त्या दिवशी दोन तास उशिरा आले. पाच वर्षांत मी त्यांना दोन मिनिटं उशीर झालेला पाहिला नव्हता. कोटही न काढता ते सरळ माझ्या टेबलाशी आले, डब्याच्या पिशवीतून एक वीट काढली आणि माझ्या कागदांवर ठेवली. लाल वीट, एक कोपरा उडालेला. "पाडायला घेतलीय," एवढंच बोलले आणि ॲप्रन चढवायला गेले.

ही २०१० सालची गोष्ट. गाव ॲक्रन, राज्य ओहायो. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन, जनरल, या चारही टायर कंपन्या या एका गावात वाढल्या. रबरवाल्याने ॲक्रनला येणं म्हणजे वारकऱ्याने पंढरपूरला येणं. मी आले तोवर मात्र कारखाने बहुतेक बंद पडले होते. उरल्या होत्या आमच्यासारख्या लॅब, काही कचेऱ्या आणि विद्यापीठातला पॉलिमर विभाग.

वीट होती पूर्व ॲक्रनमधल्या जनरल टायरच्या जुन्या कारखान्याची. आमचे तंत्रज्ञ विशी गाठायच्या आत तिथे टायर बिल्डर म्हणून लागले. फिरत्या ड्रमवर एकावर एक थर चढवून कच्चा टायर उभा करायचा, हे त्यांचं काम. १९८२ साली कारखाना बंद झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

तो कारखाना मलाही माहीत होता, पण एका रेकॉर्डमुळे.

द ब्लॅक कीज हा बँड म्हणजे दोनच माणसं. गिटार आणि गाणं डॅन ऑरबाकचं, ड्रम पॅट्रिक कार्नीचे. सुरुवातीला बास गिटारसुद्धा नव्हती. दोघंही ॲक्रनच्या एकाच वस्तीत वाढले, फायरस्टोन हायस्कूलमध्ये शिकले. या गावात शाळेलाही टायरवाल्याचंच नाव. रेकॉर्डिंगचं सामान कार्नीकडे होतं. ऑरबाकचे साथीदार ठरल्या दिवशी आलेच नाहीत, म्हणून कार्नी स्वतः ड्रमवर बसला आणि २००१ मध्ये जोडी जमली. पहिला अल्बम २००२ साली आला, कार्नीच्या तळघरात केलेला. दुसराही त्याच तळघरात, टास्कम ३८८ या आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका बैठकीत चौदा तासांत उरकला. दोन पाळ्यांहून कमी वेळात अख्खा अल्बम! कामगाराच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण मला त्या चौदा तासांचं फार अप्रूप आहे. त्यात घासूनपुसून गुळगुळीत करायला सवडच नव्हती, आणि ते ऐकताना कळतं.

मग तळघर सुटलं. तिसऱ्या अल्बमसाठी २००४ मध्ये दोघांनी सामान उचललं आणि जनरल टायरच्या ओस पडलेल्या इमारतीत, तिथल्या हिशेबाने दुसऱ्या आणि आपल्या हिशेबाने पहिल्या मजल्यावर नेऊन मांडलं. अल्बमचं नाव ठेवलं 'रबर फॅक्टरी'. मी ॲक्रनमध्ये नवीन असताना लॅबमधल्या एका मुलीने ती सीडी मला दिली होती. "हे आपल्या गावाचं," म्हणाली.

त्या दिवशी कामही अडलेलं होतं. एका गिऱ्हाइकाचे कंप्रेसरखालचे रबरी माउंट, म्हणजे हादरे गिळणारे ठोकळे, वर्षाच्या आत फुटत होते. आदल्या दिवशी मी एक माउंट मधोमध कापला. बाहेरून तो ठणठणीत दिसत होता, आतला गाभा मात्र मऊ पडून चिकट झालेला. नैसर्गिक रबर आतल्या आत फार तापलं की त्याच्या साखळ्यांना जोडणारे गंधकाचे पूल तुटतात आणि ते असं वितळल्यागत होतं. ते इतकं कशामुळे तापलं, हे शोधायचं होतं. माझा संशय काजळीवर, म्हणजे कार्बन ब्लॅकवर. कडकपणा वाढवायला कोणी ती जास्त घातली असेल, तर प्रत्येक थरथरीला रबर जास्त ऊर्जा गिळतं आणि तिची उष्णता करतं. हे मोजायला चिंचोळी पट्टी यंत्रात धरून सेकंदाला दहा वेळा हलवायची आणि हळूहळू तापमान वाढवत न्यायचं. एका पट्टीला तास-दीड तास जातो. तोवर बसून राहायचं.

वीट उचलायला गेले तर बोटं काळी झाली. ओल्या टिश्यूने पुसली, टिश्यू काळा. पुन्हा पुसली, पुन्हा काळा. कारखाना बंद होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि विटेच्या छिद्राछिद्रांतून काजळी अजून निघतच होती. रबरवाल्यांना ही काजळी ठाऊक असते. आंघोळीनंतरही ती पापण्यांच्या कडेला काजळासारखी राहते.

मी विचारलं, "तिथे एक रेकॉर्ड केलेली आहे, तुम्ही ऐकलीये?"

नव्हती ऐकली. पोरांची नावं त्यांच्या कानांवर होती. गावातच वाढलेली, त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा 'ब्रदर्स' हा अल्बम आलेला, रेडिओवर सारखी वाजत होती. पण कुठली गाणी कुठे केली, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सीडी माझ्या खणातच होती. सॅम्पल कापायच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला दोन साधे स्पीकर होते, त्यांवर लावली. ते स्टुलावर बसले, हात मांडीवर. मी उभीच राहिले.

ते ड्रम नीट ऐकण्यासारखे आहेत. कार्नी रीतसर शिकलेला वादक नाही, तो अंगाच्या जोराने वाजवतो. रबराचं काम आवाज गिळायचं, वीट आणि काँक्रीटचं काम तो परत फेकायचं. माझा धंदाच हा असल्यामुळे त्या गाण्यांत मला आधी खोली ऐकू येते. ठोका पडतो आणि लगेच विझत नाही, मागे क्षणभर रेंगाळतो. बास नाही म्हणून ऑरबाकची गिटार खालचे सूर स्वतःच ओढून घेते, खरखरीत, जाडजूड. दोन माणसांनी मोठी जागा भरायची म्हटल्यावर जसं वाजवावं लागेल, तसं दोघं वाजवतात.

तीन गाणी झाली. ते हलले नाहीत. मला वाटलं, आवडलं नाही, बंद करावं. हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे."

चौथं संपता संपता म्हणाले, "आमच्या वेळी हे तिथे करता आलं नसतं. माणसाला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही." मग त्यांनी सांगितलं. खाली रबर मळणारी बॅनबरी घरघरायची, जमीन पायांतून थरथरायची. क्युअरिंगचे, म्हणजे कच्चा टायर तापवून पक्का करायचे, प्रेस उघडले की वाफेचा फूत्कार. शेजारच्याला काही सांगायचं तर खांद्यावर थाप मारून ओठ दाखवायचे. "आणि ही दोन पोरं तिथे माईक लावून बसली," ते म्हणाले. "माईक!"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते स्पीकरकडे बघत होते.

मला बाबा आठवले. लालबागच्या चाळीत आम्ही राहायचो, बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. शेकडो साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. लहानपणी मैत्रिणींना वाटायचं, तुझे बाबा सारखे रागावलेले असतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. जनरल टायरचं आणि आमचं साल एकच. इतकी वर्षं ॲक्रनमध्ये राहून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडच्या गिरण्यांच्या आवारांतही पुढे गाण्याबजावण्याचे क्लब निघाले. तिथे एकदा गेले होते, पण बाबांना घेऊन जायचं धाडस झालं नाही.

अल्बम आम्ही शेवटपर्यंत ऐकला. मधे एकदा मी पट्टी बदलून आले. दुपारी आकडे हातात आले. संशय बरोबर होता. माउंटमध्ये काजळी जास्त होती आणि चांगल्या नमुन्यापेक्षा तो कितीतरी जास्त ऊर्जा गिळत होता. अहवालाचा मसुदा त्यांनीच तपासला, माझी दोन वाक्यं खोडून सोपी करून दिली. जाताना वीट न्यायची त्यांना आठवण केली. म्हणाले, "तुझ्याकडे राहू दे, मी दोन आणल्यात." सीडी मात्र मागून नेली. ती परत आली नाही आणि मीही मागितली नाही.

ती जोडी त्या सुमाराला ॲक्रन सोडून नॅशव्हिलला गेली. रीतसर स्टुडिओची पायरी तर ती २००८ च्या अल्बमलाच चढली होती. 'ब्रदर्स' बहुतांशी अलाबामातल्या मसल शोल्सला झाला आणि २०११ च्या फेब्रुवारीत त्याला तीन ग्रॅमी मिळाली. मला त्याचा आनंदच झाला. पण त्यांची पुढची गाणी ऐकताना मागची खोली ऐकू येत नाही, आणि मला ती खोली हवी असते.

त्या संध्याकाळी साडेसातला घरी फोन लावला. मुंबईत पहाटेचे पाच. बाबा जागेच असणार हे माहीत होतं, पहिल्या पाळीची सवय त्यांची सुटलेली नाही. विटेचं सांगितलं, त्या दोन पोरांचं सांगितलं. "दोघंच?" त्यांनी नेहमीसारखं ओरडून विचारलं. म्हटलं, दोघंच. मग मी विचारलं, जे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. गिरणी बंद पडली, साचे थांबले, तेव्हा कसं वाटलं?

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग बाबा हळू आवाजात बोलले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"झोप लागायची नाही गं. भोंगा होईल म्हणून पडून राहायचो."