नववा आठवडा: सीट, ओळंबा आणि डावं पेडल

घरातल्या व्यायामाच्या सायकलवर वीस मिनिटं झाली की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं, असं सातव्या आठवड्यात लिहिलं होतं. ते दुखणं आता थांबलंय. कशाने थांबलं ते आज नीट लिहून ठेवते, कारण इथे बऱ्याच जणांची तीच तक्रार आहे.

मी सीट ठेवली होती बसल्यावर पाय जमिनीला टेकतील अशी. चूक तिथेच होती. सायकल एका जागी उभी आहे, पाय जमिनीला टेकायची गरजच काय? सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या गुडघ्यानेच जोर लावावा लागतो. तो सगळा दाब वाटीमागे जातो.

बूट घालून बसले, पेडल पार खाली नेलं आणि त्यावर टाच ठेवली. कंबर न कलंडता पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला 25 ते 35 अंशांचा बाक आपोआप राहतो. माझा पाय टाच ठेवूनही चांगलाच वाकलेला होता. खात्रीसाठी मापही घेतलं. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर ओढून धरलं. जमिनीपासून पुस्तकाची वरची कड 79 सेंमी. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिशोबात याला 0.883 ने गुणतात: 69.8 सेंमी. क्रँक (पेडल जोडलेला दांडा) ज्या आसाभोवती फिरतो, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. माझं होतं 65!

माझ्या सीटच्या दांड्यावरची भोकं अडीच सेंमीवर आहेत, म्हणजे दोन भोकं वर. एकदम नाही केलं. एक भोक, चार दिवस, मग दुसरं. पोटऱ्या भरून आल्या, पण गुडघा दुसऱ्या दिवसापासूनच हलका वाटला. उत्साहात सीट तिसऱ्या भोकावरही नेऊन पाहिली, तर कंबर डावी-उजवी डोलायला लागली आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसली. लगेच खाली आणली.

दांडा तिरका असतो, त्यामुळे सीट वर घेतली की ती मागेही जाते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केला, क्रँक जमिनीला समांतर धरला आणि पुढच्या पायाच्या वाटीखालच्या उंचवट्यापासून दोरा सोडला. तो पेडलच्या दांड्यावर पडायला हवा. माझा बोटभर मागे पडला. सीट तेवढी पुढे घेतली. हा काही काटेकोर नियम नाही, पण सुरुवात करायला मला फार उपयोगी पडला.

याच आठवड्यात डावीकडून टक-टक आवाज यायला लागला. हाताने हलवलं तर पेडल सैल. 15 मिमीचा पाना लावून सवयीने घड्याळाच्या दिशेने पिळलं, तर ते आणखी सुटलं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध आवळायचं. पाय मारताना भार पेडलच्या दांड्याभोवती फिरत राहतो, आणि सरळ आट्यांचं डावं पेडल त्यानेच हळूहळू सुटून येईल. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी 1900 मध्ये न सुटणाऱ्या पेडलची जाहिरात केली होती, ती याच युक्तीची. सैल पेडल तसंच चालवू नका, क्रँकचे आटे खाल्ले जातात आणि मग क्रँकच बदलावा लागतो.

आता आकडे. माझी सायकल चुंबकाची आहे. चुंबक फ्लायव्हीलला (पेडलने फिरणाऱ्या जड चाकाला) टेकत नाही, पण चाक जोरात फिरलं की अडथळा आपोआप वाढतो. म्हणून नुसती लेव्हल लिहून भागत नाही, फेरेही लिहायला हवेत. लेव्हल 5, मिनिटाला 75 फेरे, 30 मिनिटं: तिसऱ्या आठवड्यात शेवटी नाडी 142 होती, काल 131. बघून फार आनंद झाला.

पस्तिसाव्या मिनिटाला करंगळ्या बधिर होतात, सीट वर गेल्यापासून हातांवर जास्त भार येतोय. हँडल एक भोक वर घेतलंय. मंगळवारी 40 मिनिटं करून बघते.