पांढरीची माती, थेम्सचा चिखल

इंग्लंडमधल्या पहिल्या नोकरीत माझ्या हातात आलं ते गिरमिट. पंचवटीतल्या सुताराकडे असतं तसंच, फक्त माणसाच्या उंचीचं. दोघांनी मिळून ते जमिनीत दाबायचं, फिरवायचं, उपसायचं आणि पोकळ पन्हळीत अडकून आलेली मीटरभर माती सुरीने तासून वाचायची. गाळ की चिकणमाती अशी शंका आली तर चिमूटभर दातांखाली घ्यायची; कचकचली तर गाळ. लहानपणी माती खाल्ली म्हणून आईने फटके दिले होते, आता त्याचाच पगार मिळतो.

खापरं आणि नाणी बघायला दुसरे असतात. ती ज्या मातीत पडली ती नदीने आणली, वाऱ्याने, की माणसानेच टाकली, हे आम्ही शोधतो. या कामाला भू-पुरातत्त्व म्हणतात.

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीतच पुरातत्त्वाचा विचार होतो आणि खर्च बिल्डर करतो. त्यामुळे पूर्व लंडनमध्ये इमारत उठायच्या आधी आमच्या कंपनीतर्फे आम्ही भोकं पाडत फिरायचो. वर विटा-राखेचा भराव, त्याखाली करडी चिकणमाती, मग पीट म्हणजे अर्धवट कुजलेली झाडंझुडपं आणि तळाशी हिमयुगातली रेताड खडी. पीट वर येतं तेव्हा तपकिरी असतं, हवा लागली की बघता बघता काळं पडतं. म्हणून आधी फोटो, मग चहा. त्याचा वरचा भाग पुष्कळदा तीनेक हजार वर्षांपूर्वीचा निघतो. म्हणजे आपल्याकडे प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खननात सापडलेली तोटीची भांडी वापरात होती, त्या सुमाराचा. थंडीत बोटं बधिर झाली की मी हाच हिशोब करत बसायचे.

पाच वर्षांनी विद्यापीठात गेले. तिथे मातीचा ठोकळा राळेत घट्ट करून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. चुलीची राख, शेण, तुडवलेली जमीन, सगळं वेगवेगळं दिसतं. कंपनीत ज्याला तीन दिवस मिळाले असते, त्याला मी तीन महिने दिले. पण करार मोजून तीन वर्षांचा. दर दिवाळीला मावशीचा प्रश्न ठरलेला, "कायम झालीस का गं?"

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कंपन्यांनी पाडलेल्या शेकडो भोकांचे अहवाल कपाटात पडून राहतात, आणि त्याच खोऱ्यावर शोधनिबंध लिहिणारे ते उघडूनही बघत नाहीत. एकाकडे माती आहे, दुसऱ्याकडे प्रश्न. आता मी कंपनी आणि विद्यापीठ दोन्हीकडे काम करते, आठवड्याचे तीन दिवस इकडे आणि दोन तिकडे. पैसे कमी मिळतात, चिडचिडही कमी होते.

खरं तर यातलं निम्मं शास्त्र आपल्या भाषेत आधीपासून आहे. शेताची काळी आणि गावाची पांढरी! पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, राख आणि शेण मुरून जी फिकट माती होते ती पांढर, आणि तिचं टेकाड दिसलं की जुनी वस्ती समजावी. काळी मात्र फसवी. उन्हाळ्यात भेगाळते, वरचं खापर खाली घसरतं, आणि खोल सापडलं म्हणून जुनं असं धरणारा हमखास फसतो. पुराचंही तसंच. पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. मी तेच काठावरच्या गाळाच्या थरांत मोजते.

आपल्या नाशिकच्या जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं होतं. सुट्टीत बाबांच्या स्कूटरवरून जाताना जेसीबीने उभा कापलेला खड्डा दिसला की मी अजूनही थांबायला लावते. बाबा वैतागतात, "अगं, लोक बघतायत!"

गेल्या आठवड्यात त्यांनीच अशा एका खड्ड्याचा फोटो पाठवला. वर काळी, खाली मुरूम, मध्ये गोट्यांची एक ओळ. मी विचारलं, मापाला काही ठेवलंत का? अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. गोट्यांच्या शेजारी आईचं उलथणं उभं होतं.