असिसीतील संत फ्रान्सिसची चर्चे

इटलीत संत फ्रान्सिसच्या नावाची चर्चे गावोगावी आहेत. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलला लागून उभे असलेले चर्चही याच संताचे, कारण त्याच्या संघाचे, म्हणजे फ्रान्सिस्कन, धर्मगुरू १५१७ मध्येच गोव्यात पोहोचले होते. तरीही या संताला समजून घ्यायचे तर मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात, सुबासिओ डोंगराच्या उतारावर वसलेल्या असिसीलाच जायला हवे. बहुतेक प्रवासी तेथे थेट मोठ्या बॅसिलिकेकडे, म्हणजे संताच्या कबरीवर उभ्या असलेल्या मुख्य चर्चकडे वळतात. आम्ही मात्र गावाच्या वेशीबाहेर, ऑलिव्हच्या बागांतून खाली उतरत जाणाऱ्या वाटेने आधी सान दामियानोला गेलो, आणि इतरांनाही मी हाच क्रम सुचवेन.

संत दामियानच्या नावाचे हे चर्च लहान, अंधारे आणि ओबडधोबड दगडांचे आहे. येथल्या क्रूसाने ‘माझे घर दुरुस्त कर’ असे सांगितले, अशी श्रद्धा आहे, आणि तरुण फ्रान्सिसने ही पडकी वास्तू खरोखरच स्वतःच्या हातांनी सावरली. त्याची शिष्या संत क्लारा १२५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे येथेच राहिली. मूळ क्रूस आता गावातल्या सांता क्यारा चर्चमध्ये आहे. सान दामियानोत दिसते ती त्याची प्रतिकृती.

फ्रान्सिसचे निधन १२२६ मध्ये झाले, १२२८ च्या जुलैत त्याला संतपद मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी पोप नववे ग्रेगरी यांनी बॅसिलिकेची पायाभरणी केली. ही वास्तू म्हणजे एकावर एक बांधलेली दोन चर्चे असून त्यांच्याही खाली संताची कबर आहे. १२३० मध्ये लपवून ठेवलेली ही शवपेटी १८१८ मध्येच पुन्हा सापडली. वरच्या चर्चमध्ये चित्रकार चिमाबुएने रंगवलेले क्रूसारोहण पाहताना मी बराच वेळ थांबलो, कारण त्यातला शिशाचा पांढरा रंग काळवंडल्यामुळे सगळ्या आकृती फोटोच्या निगेटिव्हसारख्या उलट्या दिसतात, आणि तरी त्यांचा आक्रोश तसूभरही कमी झालेला नाही. भिंतींवर फ्रान्सिसच्या चरित्रातले २८ प्रसंग आहेत. ते चित्रकार जोत्तोनेच काढले की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दाराजवळच्या चित्रात फ्रान्सिस जमिनीवरल्या पाखरांशी वाकून बोलतो आहे आणि मागे उभ्या असलेल्या सोबत्याचा हात आश्चर्याने वर गेला आहे; मला तरी सर्वांत जिवंत वाटले ते हेच चित्र. मान वर केली, की २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपाची खूणही दिसते. त्या दिवशी छताचा भाग कोसळून चौघांचा जीव गेला. पडलेल्या चित्रांचे तुकडे वेचून, जुळवून पुन्हा बसवले असले, तरी मधल्या रिकाम्या जागा लपत नाहीत, आणि त्या तशा ठेवल्या हे मला योग्यच वाटते.

पोर्झिउंकोला हे छोटे प्रार्थनागृह परतीच्या वाटेवर पाहता येते, कारण रेल्वे स्थानक त्याच सपाटीवर आहे. याच इवल्या जागेत फ्रान्सिसचा संघ आकाराला आला, आणि तिच्याभोवती १५६९ पासून सांता मारिया देल्यी आंजेली ही प्रचंड बॅसिलिका उभारण्यात आली. तिच्या घुमटाखाली ते दगडी घरकुल आजही उभे आहे, आणि फ्रान्सिसने अखेरचा श्वास घेतला ती खोलीही त्याच्या शेजारीच आहे.