७५ च्या दोन गोळ्या घेतल्या तर?

अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज घेणारे हमखास विचारतात: एवढ्याशा गोळीने काय होणार, दोन घेतल्या तर जास्त फायदा नाही का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

सगळे हिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, पण रक्त होतं तेवढंच दाट राहतं. बदल होतो तो प्लेटलेट (रक्तातले गुठळी करणारे बारीक कण) आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर यांच्या व्यवहारात.

अस्तर धडधाकट असेल तर प्लेटलेट त्याला चिकटत नाहीत. त्याच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून त्यांना शांत ठेवतात. अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन उघडं पडतं, त्यावर व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्तातलं चिकट प्रथिन बसतं आणि धावत्या रक्तातली प्लेटलेट त्याला अडकते. मग ती थ्रॉम्बॉक्सेन सोडून बाकीच्यांना गोळा करते.

गुठळी वाढवणारं थ्रॉम्बॉक्सेन आणि ती रोखणारं प्रोस्टासायक्लिन, दोन्ही कॉक्स नावाच्या एन्झाइमच्याच (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) मदतीने बनतात. अ‍ॅस्पिरिन हे एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे नवं एन्झाइम करायची सोय नाही. सात ते दहा दिवसांच्या आयुष्यातलं जे उरलं असेल ते ती तशीच काढते. अस्तराची पेशी मात्र काही तासांत नवं बनवते. शिवाय छोटा डोस आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच प्लेटलेटना गाठतो आणि यकृतात बराचसा मोडतो, म्हणजे अस्तराच्या वाट्याला थोडाच येतो. डोस दुप्पट केलात तर प्लेटलेटमध्ये बंद पाडायला फारसं काही शिल्लकच नसतं. प्रोस्टासायक्लिन घटतं आणि पोटात रक्तस्रावाची भीती वाढते.

हार्ट अ‍ॅटॅकमध्ये डॉक्टर ३०० मिलिग्रॅम चावून खायला देतात ते वेगासाठी, सगळ्या प्लेटलेट एकदम बंद पाडायच्या असतात म्हणून. आवरणाची गोळी तशीच गिळली तर उशिरा विरघळते.

गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ते आधी पोटात गेलं तर कॉक्समधली जागा अडवून बसतं, आणि ती सुटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन रक्तातून गेलेलं असतं.

स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी तारांची जाळी) बसवलेल्यांनी तर दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद करूच नये. रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट नव्या येतात, त्यांचं थ्रॉम्बॉक्सेन शाबूत असतं, आणि स्टेंटच्या तारांवर अस्तर चढायला महिने लागतात. दातातलं रक्त बोळा दाबून थांबतं, स्टेंटमधली गुठळी तशी निघत नाही.