स्टिकला कॉम्प्रेसर का लावते, तर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय आता मला नकोसा झालाय. स्टिक म्हणजे चॅपमन स्टिक, छेडण्याऐवजी दोन्ही हातांची बोटं तारांवर पाडून (म्हणजे टॅपिंगने) वाजवायचं तारवाद्य, आणि कॉम्प्रेसर म्हणजे मोठे सूर दाबून मोठ्या-हळूतला फरक कमी करणारं यंत्र. कार्यक्रम संपला की स्टेजपाशी येऊन, क्लिप टाकली की त्याखाली, एकदा तर चक्क लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना: "ताई, तुम्ही स्टिकला कॉम्प्रेसर का लावता? टॅपिंगच तर आहे, बोटांनी सांभाळायचं की." विचारणारे निम्मे गिटारवाले, निम्मे शास्त्रीयवाले, आणि दोघांच्याही मनात खरं तर एकच असतं, की बाईच्या बोटांत जोर कमी पडत असणार. तोंडावर कोणी म्हणत नाही. पुण्यात "नाही, सहज विचारलं" असं म्हणतात.

तर आधी जोराचं मिटवू. चॅपमन स्टिकवर तारा पट्टीच्या इतक्या जवळ असतात की बोट नुसतं टेकलं तरी सूर येतो, जोर लागतच नाही, आणि गोची तिथेच आहे. गिटारवर डावा हात सूर धरतो आणि तो किती मोठा वाजणार ते उजवा हात ठरवतो, म्हणजे कामाची वाटणी आहे. स्टिक काढणाऱ्या एमेट चॅपमनने 1969 मध्ये दोन्ही हात पट्टीवर आणून जी पद्धत काढली तिच्यात ही वाटणीच नाही, सूर धरणारं बोट तेच, छेडणारं बोटही तेच, आणि दोन्ही कामं एकाच क्षणात. बोट तारेवर किती वेगाने पडलं त्यावर आवाज ठरला, संपला विषय, नंतर काही दुरुस्ती नाही. आता तर्जनी आणि करंगळी एकाच वेगाने पाडून दाखवा. रियाजाने फरक कमी होतो, मान्य, मीही तेच करते रोज सकाळी. पण तीच करंगळी खर्जाच्या जाड तारेवर आणि मेलडीच्या बारीक तारेवर वेगवेगळी बोलते, त्याला रियाज काय करणार?

शिवाय तो "टक". तार पडद्यावर आपटते तेव्हा आधी एक टोकदार टक येतो आणि मग सूर. मीटरवर टक उंच, सूर बुटका. साउंडवाला बिचारा टकाकडे बघून आवाजाचा फेडर खाली ठेवतो आणि मागच्या रांगेला फक्त टायपिंग ऐकू येतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, भावाने मागे बसून केलेलं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.

काही वर्षांपूर्वीची मी यावर म्हणाली असती की हा सगळा आळस आहे. म्हणायचीच. "कॉम्प्रेसर म्हणजे रियाजाला पळवाट" असं मी लोकांना तावातावाने सांगितलंय, आणि ज्यांना सांगितलं त्यातलेच काही आता मला हा प्रश्न विचारतात, म्हणजे परतफेड चालू आहे. फक्त ती मी सदाशिव पेठेतल्या खोलीत हेडफोन लावून वाजवायची. हेडफोनमध्ये मागची रांग नसते. तरी ती पूर्ण चुकीची होती असं मला आजही म्हणवत नाही, ते पुढे येईलच.

आधी तांत्रिक भाग उरकते, कारण यावरून मला रात्री अकराला मेसेज येतात. गिटारवाले सांगतात अटॅक, म्हणजे कॉम्प्रेसरला दाबायला लागणारा वेळ, हळू ठेव म्हणजे पिकची धार टिकते. टॅपिंगला उलटं आहे. अटॅक हळू ठेवला की टक तसाच सुटतो आणि कॉम्प्रेसर जागा होऊन मागच्या सुराला दाबतो, म्हणजे होतं त्याहून वाईट. मेलडीला मी अटॅक एक मिलिसेकंदाच्या आत ठेवते, 1176 च्या जातीचे कॉम्प्रेसर यासाठी बरे, त्यांचा सर्वात हळू अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत असतो. एलए-2ए सारखे ऑप्टिकलवाले गायकाला छान, पण ते साधारण दहा मिलिसेकंदांनी पकडतात, तोवर टक निघून गेलेला असतो. खर्जाला रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, घाईचा नको. सर्वात खालचा सी 33 हर्ट्झच्या आसपास आहे, त्याचं एक आवर्तन 30 मिलिसेकंदांचं, रिलीज त्याहून जलद केला तर कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेमागे धावायला लागतो आणि सूर फाटतो. आणि कृपा करून दोन्ही बाजू एका कॉम्प्रेसरमधून काढू नका. स्टिकला खर्ज आणि मेलडीचे आउटपुट वेगळे देतात ते उगाच नाही. स्टीरिओ लिंक, म्हणजे दोन्ही बाजू एकदम दाबायची सोय, चालू राहिली की खर्जाचा एक ठोका पडला रे पडला की मेलडी मागे सरते, लोकांना वाटतं मेलडी वाजवणारा तुमचा उजवा हात अडखळला. वेगळ्या केबल घ्या, तपकीर गल्लीत बनवून मिळतात.

आता जे सांगायचं टाळते ते.

कर्वे रोडजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये भावगीतांचा कार्यक्रम होता. गायिका, पेटी, तबला आणि मी. तबल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ होते, नाव घेत नाही, माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणते. मी तेव्हा नुकतं सगळं सेटिंग लावून बसवलं होतं, दोन वेगळे चॅनल, रेशो 4:1 (वरचे चार डेसिबल दाबून एक), थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणं जिथून सुरू होतं ती पातळी, चांगला खाली, आणि साउंडचेकला मागच्या रांगेपर्यंत प्रत्येक सूर पोचतोय म्हणून मी खूश. मॉनिटरला, म्हणजे आम्हा वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरलाही, तोच आवाज दिला होता, का नाही देणार? तालमी माझ्या घरी झाल्या होत्या, छोट्या अॅम्पवर, कॉम्प्रेसरशिवाय, आणि तिथे काकांबरोबर इतकं मस्त जमायचं की पेटीवाला म्हणाला तुम्ही दोघंच करा कार्यक्रम.

पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात अंतऱ्याआधी मी एकटी वाजवायची जागा होती, मी हळूहळू आवाज उतरवत जायचं, अगदी बोट टेकवण्यापुरतं, काका ठेका हलका करत न्यायचे आणि मग गायिका शब्द उचलायची. मी उतरले. काका उतरले नाहीत. मला वाटलं लक्ष नाही, अजून हळू केलं. ते तसेच, भरदार, उलट थोडे चढलेच. गायिकेने वळून पाहिलं, पेटीवाल्याने पाहिलं, गाणं कसंबसं सावरलं. तिसऱ्या गाण्यात परत तेच. मध्यंतरापर्यंत मी मनातल्या मनात काकांवर भयंकर चिडले होते, वय झालंय, ऐकू येत नसेल, काय काय वाईट विचार केले ते लिहीत नाही.

मध्यंतरात ते चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले आणि सगळ्यांदेखत, पण शांतपणे म्हणाले, "अगं, आज तुझ्याकडनं मला काहीच कळत नाहीये. तू येतेयस का जातेयस. घरी तू श्वास घेतलास तरी कळायचं."

मी काय उत्तर दिलं असेल? मी त्यांना थ्रेशोल्ड समजावला. खरंच. उणे 20 डीबीला थ्रेशोल्ड असला आणि सूर उणे 8 ला आला तर वरचे 12 डीबी चारने भागून 3 होतात, मग 9 डीबी मेकअप, म्हणजे सगळ्या आवाजाला सरसकट वाढ, द्यायचा, म्हणजे मोठा सूर होता तिथेच राहतो आणि हळू सूर 9 डीबीने वर येतो, हे सगळं एका माणसाला जो आयुष्यभर समोरच्याचं हळू आणि मोठं ऐकून हात ठेवत आलाय. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे तू हळू वाजवलंस तरी मला मोठंच येणार." मी म्हटलं हो. "मग मी काय ऐकून हलकं करायचं?"

उत्तरार्धात मी मेलडीचा कॉम्प्रेसर बंद केला. काका लगेच परत आले, पहिल्याच गाण्यात, जणू कोणी दार उघडलं. आणि कार्यक्रमानंतर तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, पूर्वार्ध छान होता, नंतर तुमचं वाजवणं नीट ऐकू आलं नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, बघ, म्हणजे लावायला नको होता. कोणी म्हणेल, बघ, म्हणजे लावायलाच हवा. मला दोघांचाही राग येतो. पूर्वार्धाचं रेकॉर्डिंग मी आजही ऐकते, हॉलसाठी तो आवाज उत्तम होता, त्यातलं सेटिंग आज ऐकूनही बदलावंसं वाटत नाही. फक्त ज्याच्याशी मी बोलत होते त्याला माझं बोलणं पोचत नव्हतं.

तेव्हापासून दोन वाटा करते. हॉलला कॉम्प्रेसरनंतरचा आवाज, स्टेजवरच्या मॉनिटरला त्याच्या आधीचा. याचा एक फायदा म्हणजे मलाही माझी बोटं खरी ऐकू येतात, नाहीतर कॉम्प्रेस्ड आवाज कानात असला की सगळंच छान वाटतं आणि हात निवांत होत जातो, हे ती जुनी मी बरोबर सांगत होती. मेकअपने वर येणारी खरखर, बोट उचलतानाचे आवाज, तेही निदान मॉनिटरमध्ये राहत नाहीत. रेशो आता 3:1, आणि थ्रेशोल्ड एवढाच की मोठ्या ठोक्याला चार-पाच डीबी दाबले जातील, हळू सुराला हातही लागणार नाही.

पण ती जुनी मी इथेही गप्प बसत नाही. म्हणते, म्हणजे काकांना एक बाई ऐकू येते आणि तिकीट काढून आलेल्यांना दुसरी, जास्त नीटनेटकी. मी म्हणते पेटीसमोर माइक ठेवला तरी हेच होतं, ती म्हणते माइक दाबत नाही. मी म्हणते मागच्या रांगेत बसून ऐक मग बोल. ती म्हणते छोट्या हॉलमध्ये वाजव. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि छोट्या हॉलचं भाडं काय झालंय ते तिला माहीत नाही.

काका पुढच्या महिन्यात परत बरोबर आहेत, फोनवर त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "तुझं ते यंत्र माझ्याकडे येणार नाही ना?" नाही येणार म्हटलं. मेलडीवर हॉलसाठी तरी ठेवायचं का, ते साउंडचेकला ठरवेन.