‘विचारात घेतले’ या दोन शब्दांमागे काय घडते : माझा अनुभव

शेजारच्या काकूंच्या हाती एका शासकीय कार्यालयाच्या आदेशाची प्रत पडली, तेव्हा आदेशावरील तारखेला सव्वीस दिवस उलटून गेले होते. अपिलाची मुदत तीस दिवसांची होती आणि ती आदेशाच्या दिनांकापासून मोजायची होती. उरलेल्या चार दिवसांत कागदपत्रे जमली नाहीत आणि अपील मुदतबाह्य ठरले. पुढे काही महिन्यांनी, तो आदेश ज्या अधिनियमाखाली निघाला होता त्याच अधिनियमाखालील सुधारित नियमांचा मसुदा राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला. मी तो उघडून पाहिला, तर अपिलाच्या नियमात तेच शब्द होते : ‘आदेशाच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत’.

विधिमंडळ अधिनियम संमत करते, पण नमुने, शुल्क, मुदती, कार्यपद्धती हा तपशील बहुधा नियमांवर सोपवते. सभागृहातील चर्चा कलमांवर होते; सामान्य माणसाची गाठ मात्र नियमांशी पडते. म्हणूनच अनेक अधिनियमांत नियम करण्याचा अधिकार ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ दिलेला असतो, म्हणजे आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, तारीख जाहीर करायची आणि तोपर्यंत कोणाही व्यक्तीकडून येणाऱ्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. ‘कोणाही व्यक्तीकडून’ यात आपणही येतो, हे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

माझा पहिला खर्डा तीन पानांचा होता आणि त्यात काकूंची सगळी हकीकत होती. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी तो वाचला आणि शांतपणे बाजूला ठेवला. ‘हे वाचून कुणाला वाईट वाटेल, पण टिपणीत काय लिहायचं ते कळणार नाही,’ असे ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून मी एक तक्ता केला : नियमाचा क्रमांक, मसुद्यातील शब्द, त्याऐवजी सुचवलेले शब्द आणि कारण. पहिली सूचना अशी होती की ‘आदेशाच्या दिनांकापासून’ याऐवजी ‘आदेशाची प्रत प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून’ असे शब्द घालावेत. दुसरी सूचना ऑनलाइन अर्जाबरोबर कागदी अर्जाचा पर्यायही चालू ठेवावा, अशी होती. काकूंची हकीकत कारणाच्या रकान्यात तीन ओळींत मावली. अर्ज मी आवक शाखेत स्वतः नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला.

नंतर शांतता. शहराच्या विकास योजनेच्या (आराखड्याच्या) बाबतीत १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानेच नियोजन समितीपुढे सुनावणीची तरतूद केली आहे. नियमांच्या मसुद्याला एरवी तशी सोय नसते. आठ महिन्यांनी अंतिम अधिसूचना निघाली. प्राप्त झालेल्या हरकती व सूचना विचारात घेतल्या आहेत, असे तिच्या आरंभी लिहिले होते. माझी पहिली सूचना नियमात शब्दशः उतरली होती आणि दुसरीचा मागमूस नव्हता. गंमत अशी की पूर्वप्रसिद्धीनंतर केलेले म्हणून नियम राजपत्रात एकदा छापले गेले की ते रीतसर केल्याचा तोच निर्णायक पुरावा मानायचा, अशी तरतूद १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातच आहे. विचार झाला की नाही, हे अधिसूचनेवरून कळण्याची सोय नाही. त्यासाठी नस्तीच, म्हणजे कार्यालयातली त्या विषयाची फाइलच, पाहावी लागते.

म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. (ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते, मला तिने मुद्द्याला धरून लिहायला शिकवले.) कायद्याने दिलेले तीस दिवस उत्तराविना गेले. प्रथम अपील केले, त्याची सुनावणी दहा मिनिटांत आटोपली आणि नस्तीचे निरीक्षण करू देण्याचा आदेश मिळाला.

नस्तीत हरकतींचा तक्ता होता : अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, मुद्दा, विभागाचे अभिप्राय. माझे नाव सतराव्या क्रमांकावर होते आणि माझा अर्ज दीड ओळीत आला होता. अभिप्रायाच्या रकान्यात पहिल्या सूचनेपुढे ‘मान्य करण्यास हरकत नसावी’ आणि दुसरीपुढे ‘धोरणात्मक बाब, नोंद घेतली’ असे लिहिले होते. त्याखाली वीस ते एकोणचाळीस क्रमांकांच्या अर्जांसाठी मिळून एकच ओळ होती : ‘समान आशय’. कोणत्या तरी संघटनेने एकाच मजकुरावर वीस जणांच्या सह्या घेऊन वीस अर्ज पाठवले असावेत, आणि ते तक्त्यात एका अर्जाइतकेच भरले होते. पुढच्या पानांवर टिपणी कक्ष अधिकाऱ्यांकडून अवर सचिव, उपसचिव अशी सह्या घेत वर गेली होती. विधी व न्याय विभागाकडून मसुदा तपासून आला होता आणि त्या विभागानेही माझ्या सूचनेचा उल्लेख न करता मुदतीबाबत नेमका तोच बदल सुचवला होता. तेव्हा शब्द बदलले ते माझ्यामुळे की त्या विभागामुळे, हे त्या कागदांवरून ठरवता येत नव्हते. दुसऱ्या सूचनेबद्दल मात्र शंका नव्हती; ‘धोरणात्मक बाब’ या शब्दांपुढे तिच्यावर कोणीही एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.

तक्त्याच्या आणि टिपणीच्या पाच पानांच्या प्रती मी प्रतिपान दोन रुपये भरून घेतल्या आणि काकूंना दाखवल्या. त्यांनी सतरा क्रमांकावर बोट ठेवून सगळे वाचले आणि विचारले, ‘मग माझं अपील आता घेतील का गं?’ नवा नियम राजपत्रातील प्रसिद्धीच्या दिनांकापासून लागू होता. त्यांचा आदेश त्याआधीचा. आम्ही त्याच संध्याकाळी विलंब माफीचा अर्ज लिहायला बसलो.