नाणेघाटाची वाट: चढावी, पण उतरू नये

नाणेघाट ही सोपी, दोन तासांची आणि वाटेत पाणी असलेली वाट आहे, असे आम्हांला तीन वेगवेगळ्या जणांनी खात्रीने सांगितले होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांतले एकही विधान खरे ठरले नाही. सांगणाऱ्यांनी खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. ते तिघेही पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता गेले होते, आणि ऋतू बदलला की घाटवाट बदलते हे सांगायचे त्यांच्या मनात आले नाही. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना डोंगर चढण्याची सवय आहे आणि ज्यांच्या पायांत नीट बूट आहेत, त्यांच्यासाठीच हे लेखन आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.ने वैशाखऱ्याच्या पुढे, नाणेघाटाची वाट फुटते तिथे उतरलो, तेव्हा साडेदहा वाजले होते. पहिली गाडी चुकली होती आणि तेथेच दिवस बिघडला. हा घाट कोकणातून पूर्वेकडे चढतो, त्यामुळे सकाळच्या वेळी समोरच्या कड्याची सावली आपल्या अंगावर असते. सूर्य कड्याच्या वर आला की मात्र सावली झपाट्याने सरते आणि दुपारनंतर तर सगळे ऊन थेट अंगावर येते. हे साधे गणित आम्ही घरी बसून करायला हवे होते. महामार्गावरून सकाळी सहाला पाऊल टाकावे आणि दहाच्या आत घाटाच्या वरच्या टोकाजवळच्या कोरीव गुहेत असावे. याहून उशीर होणार असेल तर त्या दिवशी निघू नये, दुसऱ्या दिवशी जावे.

पहिला तासभर वाट रानातून आणि कोरड्या ओढ्यांतून जाते. तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. त्यानंतर चढ लागतो. आम्ही दोघांत मिळून तीन लिटर पाणी घेतले होते, कारण वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत हे ठाऊक होते. टाकी आहेतच. पण खालच्या टाक्यात हिरवा, दाट थर जमलेला होता आणि त्यावर प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. ते पाहून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. या घाटातल्या एका टाक्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि त्यात ते टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचे म्हटले आहे. त्या काळच्या लेखांमध्ये टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. वाटसरूंना उन्हात पाणी मिळावे म्हणून समुद्राकाठच्या माणसाने डोंगराच्या कड्यात कातळ खोदवला, आणि आपण मात्र तिथे बाटल्या टाकून येतो.

बारा वाजता आम्ही एका उघड्या वळणावर थांबलो तेव्हा पायाखाली वीतभरही सावली नव्हती. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राचीन कवितासंग्रहात एक गाथा आहे: भर दुपारी उन्हाच्या भीतीने सावलीदेखील शरीराखाली दडून बसली आहे, बाहेर यायला धजत नाही; मग वाटसरू, तू का विसावा घेत नाहीस? मी ती अनेकदा वाचली होती आणि प्रत्येक वेळी ती मला एक सुंदर कल्पना वाटली होती. त्या वळणावर मला कळले की ते अचूक निरीक्षण आहे. ज्या माहाराष्ट्री प्राकृतात त्या गाथा आहेत, तिच्यात वाटसरूला ‘पहिअ’ म्हणतात, आणि सातशे गाथांच्या त्या संग्रहात हा पहिअ पुन्हा पुन्हा येतो: कधी पावसाआधी घराच्या ओढीने निघालेला, तर कधी परक्या गावात रात्रीपुरता आसरा मागणारा. सातवाहनांच्या राज्यात वाट हा किती लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता, हे या घाटात दुपारी उभे राहिल्यावर जसे समजते तसे पुस्तकात समजत नाही.

तिथेच वरून एक मावशी सरपणाचा भारा घेऊन उतरत आल्या. पायांत स्लिपर, डोक्यावर भारा, हातात पाण्याची बाटली. मी विचारले, “मावशी, अजून किती राहिलं?” त्या म्हणाल्या, “आलंच की बाई, हे वळण गेलं की पोचलात.” नंतर आम्हांला तिथून सव्वा तास लागला. अंतराचा हा हिशेब रोज चालणाऱ्या पायांचा असतो. गावकऱ्यांनी सांगितलेल्या वेळेची शहरातल्या माणसाने सरळ तिप्पट करावी. पण मावशींनी भावाची रिकामी बाटली पाहिली आणि न विचारता त्याच्या ओंजळीत पाणी ओतले. गाथासप्तशतीतच पाणपोईवरची एक तरुणी आहे. वाटसरू तिच्याकडे पाहत बोटे सैल करून सावकाश पाणी पितो आणि तीही धार बारीक बारीक करत जाते. माझ्या भावाने बोटे घट्ट मिटून घेतली होती, एक थेंबही खाली पडू दिला नाही. माणशी चार लिटर पाणी घ्या. त्यात काटकसर करू नका.

आता गुहेबद्दल, कारण एवढ्यासाठीच इथे यावे. डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक प्राकृत लेख आहे. तो नागणिका या सातवाहन राणीचा मानला जातो. त्यात अश्वमेधासह कितीतरी यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाण्यांची मोजदाद आहे. भारतीय आकड्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांमध्ये या लेखातल्या आकड्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर सिमुक आणि सातकर्णी हे सातवाहन राजे, नागणिका आणि इतर राजकुळातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वर नावे शिल्लक आहेत आणि खाली नुसती पावले. मधला देह पूर्ण नाहीसा झाला आहे. मी त्या पावलांसमोर बराच वेळ बसले. वाटेवरच्या गुहेत राजाचेही फक्त पाऊल उरावे, हे पाहून दिवसभराचा त्रास मी विसरले, आणि केवळ याच कारणाने ही वाट चालण्यासारखी आहे असे मी म्हणते. गुहेजवळच्या टाक्यात पाणी होते. ते गाळून, औषधाची गोळी टाकून आम्ही प्यायलो आणि काही त्रास झाला नाही. घळ चढून वर गेले की कातळात कोरलेला मोठा रांजण दिसतो. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात.

रात्री वरच्या घाटघर गावात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जुन्नर, लेण्याद्री आणि शिवनेरी आरामात पाहून झाले. त्या दिवसाबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. घाटघरहून जुन्नरला नेणाऱ्या जीपवाल्याने ‘शंभर रुपये’ म्हटले आणि उतरताना माणशी चारशे मागितले. शंभर हा म्हणे इतर प्रवासी भरले असते तरचा दर होता. आम्ही दिले, कारण सामान त्याच्या टपावर होते. भाडे माणशी आहे की सबंध गाडीचे, आणि गाडी भरली नाही तर किती, हे दोन प्रश्न सामान चढवण्याच्या आधी विचारावेत. परत येताना आम्ही एस.टी.ची वाट पाहिली आणि ते फार बरे झाले.

तिसऱ्या दिवशी त्याच घाटाने खाली उतरलो; ही माझ्या मते या प्रवासातली सर्वांत मोठी चूक. गुहेखालचा, दगडांनी बांधलेला टप्पा चढताना जाचत नाही, पण उतरताना त्याच्याइतकी वाईट जागा मी या भागात पाहिलेली नाही. शतकानुशतके माणसे आणि जनावरे चालून त्या दगडांच्या कडा गोल झाल्या आहेत आणि पृष्ठभाग गुळगुळीत, जवळजवळ तेलकट दिसणारा झाला आहे. त्यावर उन्हाळ्यात बारीक मुरूम आणि वाळलेला पाला साचतो, म्हणून बुटाला दगडाची पकड मिळतच नाही. काही दगड हलले आहेत आणि त्यांच्या मधल्या फटी पाल्याने झाकलेल्या आहेत. भावाचा पाय अशाच एका फटीत घोट्यापर्यंत गेला. पाय मोडला नाही, मुरगळला. तरीही तेवढ्या टप्प्याला आम्हांला दीड तास लागला, आणि पुढच्या सपाट वाटेवर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला. जुन्नरहून गाडीने परतता येते, तसेच परतावे. उतरणे टाळता येणारच नसेल, तर घाटघरमधूनच एक काठी घ्यावी, प्रत्येक पावलाआधी तिने पाला बाजूला करावा, आणि दगडाच्या मधोमध न ठेवता त्याच्या मागच्या कडेला, जिथे झीज कमी आहे तिथे, टाच टेकवावी.